सोनखत ते सूस : पुण्याच्या कचऱ्याची दीडशे वर्षे

पुण्याहून मुळशीकडे जाणाऱ्या पौड रस्त्यावर वनाजपाशी मेट्रोचा मोठा डेपो लागतो. ६ मार्च २०२२ रोजी शहरातील मेट्रोचा जो पहिला टप्पा सुरू झाला, त्यातला एक मार्ग वनाज ते गरवारे महाविद्यालय असा होता. त्या मार्गावरच्या गाड्या जिथे मुक्कामाला येतात, ती जमीन पूर्वी कोथरूडचा कचरा डेपो म्हणून ओळखली जाई. शहराने आपला केरकचरा या पश्चिम टोकाला आणून ओतला. पुढे शहर त्या टोकाच्याही पलीकडे गेले आणि कचऱ्याला दुसरी जागा शोधावी लागली.

ही दुसरी, तिसरी, चौथी जागा शोधण्याचा इतिहास मोठा बोलका आहे. त्यात बैलगाड्या आहेत, सोनखताचे वाफे आहेत, जळणारे डोंगर आहेत, न्यायालये आहेत. आज या इतिहासाचे टोक मुळशी तालुक्याच्या सीमेवर, सूस आणि पुनावळे या गावांपर्यंत येऊन पोहोचले आहे.

आरंभ मात्र पूर्वेकडून, मुठेच्या कालव्याकाठच्या उसाच्या शेतांतून करावा लागतो.

रेल्वे आणि कारखाने येण्यापूर्वीच्या पुण्यात कचरा म्हणजे काय होते? चुलीतली राख, शेण, भाजीपाल्याची देठे, फुटकी मडकी, पत्रावळी. कापड फाटले की त्याची वाकळ होई. तांब्या-पितळेचे भांडे फुटले की तांबटाकडे जाई आणि त्याच धातूचे नवे भांडे होई. उरलेले सगळे उकिरड्यावर. 'बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात' ही म्हण आज कोणाच्याही नशिबाबद्दल वापरली जाते. ती ज्या काळात रूढ झाली, त्या काळातला उकिरडा मात्र निरुपयोगी ढीग नव्हता. पावसाळ्याच्या तोंडावर त्यातले खत गाड्या भरून शेतात जाई. उकिरडा हा शेतकऱ्याचा साठा होता.

पेशवाईत शहराच्या झाडलोटीची व्यवस्था कोतवालीकडे असे. १८५७ मध्ये पुण्याची नगरपालिका स्थापन झाली आणि ते काम तिच्याकडे आले. महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात याच नगरपालिकेचे सदस्य होते. नगरपालिकेपुढे सर्वांत कठीण प्रश्न केराचा नव्हताच, मैल्याचा होता. भुयारी गटारे नव्हती. घराघरांतला मैला माणसे टोपल्यांतून काढीत आणि गाड्यांतून गावाबाहेर नेत. हे काम कोणी करायचे हे जातीने ठरवून ठेवले होते. शहराच्या स्वच्छतेचा कोणताही इतिहास ही गोष्ट वगळून लिहिता येत नाही, तरी बहुतेक वेळा ती वगळूनच लिहिला जातो.

गावाबाहेर नेलेल्या मैल्याचे करायचे काय? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्याने यावर एक उपाय काढला आणि तो पुढे दूरवर नावाजला गेला. शहरातला सुका केर जाळून त्याची राख करायची. उथळ वाफ्यांत मैला पसरायचा, त्यावर राखेचा थर द्यायचा, मिश्रण उन्हात वाळवायचे, फोडायचे, पुन्हा वाळवायचे. काही दिवसांत कोरडे, जवळजवळ दर्पहीन भुकटीसारखे खत तयार होई. हेच सोनखत. इंग्रजी कागदपत्रांत त्याला 'पुद्रेत' हा फ्रेंच शब्द सापडतो.

आरंभी शेतकरी त्याला हात लावायला तयार नव्हते. विटाळाची कल्पना आड येत होती. परंतु याच सुमारास खडकवासल्याचे धरण पुरे झाले आणि मुठेच्या कालव्याचे पाणी हडपसर, मांजरीच्या बाजूला खेळू लागले. पाणी आले तसा ऊस आला, आणि ऊस हे भुकेले पीक. शेणखत पुरेना. तेव्हा सोनखताच्या उसाचा जोम पाहून विटाळ हळूहळू मागे सरला. शेतकरी पैसे मोजून शहराची घाण नेऊ लागले. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर १८८९ मध्ये हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास आले. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात पुण्याच्या या पद्धतीची आवर्जून दखल घेतलेली आहे.

या व्यवहाराचा एक विशेष पुढच्या कथेसाठी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शहराचा कचरा जिकडे जात होता, तिकडचे लोक तो मागत होते. नको वाटला तर तो न घेण्याची मुभा त्यांना होती. नगरपालिकेला म्हणूनच माल चांगला ठेवणे भाग होते. वाळलेले नाही, दगडमाती मिसळलेली आहे, असे खत कोण विकत घेणार?

त्याच काळात इंग्लंडने निराळी वाट धरली. १८७४ मध्ये आल्फ्रेड फ्रायर यांच्या आराखड्याची कचरा जाळण्याची भट्टी नॉटिंगहॅम येथे उभी राहिली. तिला 'डिस्ट्रक्टर' म्हणत. इंग्लंडच्या केरात घराघरांतल्या शेगड्यांचा अर्धवट जळालेला कोळसा भरपूर असे, त्यामुळे तो पेटे आणि पेटता राही. काही ठिकाणी त्या उष्णतेवर वाफ आणि पुढे वीजही तयार होऊ लागली. पुण्याचा केर निराळा होता. तो सुका असेपर्यंत जळे. ओला झाला की नुसता धुमसे. हा फरक साधा आहे, पण शंभर वर्षांनी तो विसरला गेला आणि त्याची किंमत देशाला मोजावी लागली. त्याविषयी पुढे येईलच.

मुंबईची गोष्ट तर अगदीच वेगळी. बेटावर शेत नाही, सोनखत घेणारा शेतकरी नाही. मुंबईने आपला केर रेल्वेच्या वाघिणींत भरून बेटाबाहेर, चेंबूरच्या दलदलीकडे धाडला. देवनारचे क्षेपणभूमीचे काम १९२७ पासून चालू आहे. भरावाने जमीन मिळते हा तेव्हाचा मोठा युक्तिवाद होता. २०१६ च्या जानेवारीत देवनारचा डोंगर पेटला तेव्हा त्याचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला.

पुण्याचा सोनखताचा धंदा कसा संपला याला एक तारीख नाही. १८९६-९७ च्या प्लेगने शहरातल्या घाणीकडे पाहण्याची दृष्टी बदलली. रँडच्या शिपायांच्या घरझडत्या आणि चापेकर बंधूंची कथा सर्वांना ठाऊक आहे. तिच्या गदारोळात हे मागे पडते की, याच साथीनंतर मैला आणि केर शक्य तितक्या लवकर नजरेआड करणे हे नगरपालिकांचे पहिले कर्तव्य ठरले. पुढे भुयारी गटारे आली, मैला पाण्यात वाहून जाऊ लागला. रासायनिक खते आली. केरातली राखही गेली, कारण चुलीच गेल्या. राख, मैला आणि शेत यांना जोडणारा धागा असा एकेक पदर उसवत तुटला.

उरला तो केर. आणि तोही बदलला. दुधाच्या काचेच्या बाटलीची पिशवी झाली, पत्रावळीची थर्माकोलची थाळी झाली, किराण्याच्या कागदी पुडीची प्लास्टिकची पुडी झाली. उकिरडा खत होण्याचे थांबला, कारण त्यात कुजणारे आणि न कुजणारे एकत्र कालवले गेले. हे कालवणे हाच आधुनिक कचऱ्याचा मूळ रोग. ओल्या केरात प्लास्टिक मिसळले की खत बिघडते. प्लास्टिक, कागद ओले झाले की त्यांना भंगारात भाव राहत नाही. एकत्र जाळावे तर पाण्यामुळे जळत नाही, आणि एकत्र पुरावे तर हवेवाचून कुजताना मिथेन वायू होतो. तो पेट घेतो. तळाशी काळे पाणी पाझरते, त्याला लिचेट म्हणतात. ते विहिरींपर्यंत पोहोचायला फार वेळ लागत नाही.

१९८० च्या दशकाच्या आरंभापासून पुण्याने आपला कचरा पूर्वेला, उरुळी देवाची येथील दगडाच्या जुन्या खाणींत टाकण्यास प्रारंभ केला. पुढे शेजारच्या फुरसुंगीची जमीनही त्यात आली आणि डेपो सुमारे १६३ एकरांचा झाला. नकाशा पाहिला तर अंगावर काटा येतो. हीच ती पूर्व बाजू, हाच तो मुठेच्या कालव्याचा पट्टा, जिथे शंभर वर्षांपूर्वी शेतकरी शहराच्या घाणीसाठी पैसे मोजत होते. दिशा तीच, गाड्यांऐवजी डंपर आले. फक्त आता घेणाऱ्याला विचारणारे कोणी नव्हते. ही गावे तेव्हा महापालिकेत नव्हती, म्हणजे ज्या सभागृहात कचऱ्याचा निर्णय होई तिथे त्यांचा एकही नगरसेवक नव्हता.

विहिरींचे पाणी वापरण्याजोगे राहिले नाही. ज्या शहराचा कचरा, त्याच शहराचे पाण्याचे टँकर गावात येऊ लागले. या गावांत मुलगी द्यायला लोक कचरतात, असे गावकरी सांगत. २०१० च्या सुमारास उघड्यावर कचरा टाकणे थांबवून प्रक्रिया करण्याचे ठरले, जुन्या ढिगांवर आच्छादन घातले गेले. पण प्रकल्प कबूल केलेल्या क्षमतेने चालेनात आणि उरलेला कचरा तिथेच येत राहिला. गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या, मुदती दिल्या, मुदती वाढवून घेतल्या गेल्या. एप्रिल २०१७ मध्ये डेपोला आग लागली आणि आंदोलन पेटले. तीन आठवडे शहराचा कचरा उचलला तरी न्यायचा कोठे, असा प्रश्न उभा राहिला. पेठांतल्या चौकांत ढीग साचले. मे महिन्यात मुख्यमंत्र्यांच्या आश्वासनावर आंदोलन मागे घेण्यात आले.

त्याच वर्षी उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही दोन्ही गावे महापालिकेत समाविष्ट झाली. काही वर्षांतच ती पुन्हा बाहेर काढून त्यांची स्वतंत्र नगरपरिषद करण्याचा निर्णय झाला. कचरा आधी गेला, हद्द मागाहून गेली आणि परतही आली.

पूर्वेला हे घडत असताना शहराच्या आत दुसरी एक व्यवस्था शांतपणे काम करत होती. तिला कोणी व्यवस्था म्हणत नसे. दारावर येणारा रद्दीवाला, जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण, भंगारवाला, आणि सर्वांत तळाशी कचराकुंडीत हात घालून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायका. त्यांतल्या बहुसंख्य दलित जातींतल्या. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून आणि सोलापूर-नगरकडून उठलेली कितीतरी कुटुंबे पुण्यात स्थिरावली होती आणि गावात ज्यांना जमीन नव्हती त्यांना शहरात कुंडी मिळाली.

१९९३ मध्ये हमाल पंचायतीचे बाबा आढाव यांच्या पाठबळाने आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागातील कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने या वेचकांचे अधिवेशन भरले. त्यातून 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही संघटना उभी राहिली. तिचे म्हणणे थोडक्यात असे, की आम्ही चोर नाही, भिकारी नाही, आम्ही कामगार आहोत. आम्ही जे वेचतो ते डेपोवर जात नाही, म्हणजे आम्ही नगरपालिकेचा वाहतुकीचा खर्च वाचवतो. हा हिशेब आज कोणालाही पटेल. तेव्हा तो नवीन होता. संघटनेच्या ओळखपत्रांना महापालिकेने मान्यता दिली, आणि पोलिसांनी संशयावरून उचलणे कमी झाले. २००८ मध्ये याच वेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला. वेचक घरोघर जाऊन ओला-सुका कचरा वेगळा घेऊ लागल्या, घरटी शुल्क मिळू लागले आणि भंगाराचे पैसे त्यांचेच राहिले.

पुणेकरांना आपल्या शहराचे कौतुक करायला फारशी कारणे लागत नाहीत. हे कारण मात्र खरोखरच मोठे आहे, आणि त्याचेच कौतुक कमी होते. देशातल्या कचरावेचकांची पूर्णपणे स्वतःच्या मालकीची अशी सहकारी संस्था शहराच्या दाराशी काम करते, हे पाहायला परदेशांतून अभ्यासक येतात. त्या बायकांना मात्र कराराचे नूतनीकरण होईल की नाही, याची काळजी पुनःपुन्हा वाहावी लागली आहे.

आता जाळण्याकडे. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ मध्ये डेन्मार्कच्या तंत्रज्ञानाने दिवसाला ३०० टन कचरा जाळून वीज करण्याचा प्रकल्प उभा राहिला. काही आठवड्यांतच तो बंद पडला. भट्टीला जेवढी उष्णता देणारा कचरा हवा होता, त्याच्या निम्माही उष्मांक दिल्लीच्या कचऱ्यात नव्हता. कारण आधी येऊन गेलेलेच आहे, भारतीय केरात ओल फार. कागद आणि प्लास्टिक हे जळण वेचक आधीच काढून घेतात, उरते ते भाजीचे देठ, माती आणि पाणी. नॉटिंगहॅमच्या भट्टीला जे कोळशाचे तुकडे मिळाले, ते तिमारपूरला मिळणार नव्हते. यातला पेच नीट पाहण्यासारखा आहे. भट्टी चालायची तर प्लास्टिक-कागद तिला मिळाले पाहिजेत, आणि वेचकांचे पोट चालायचे तर तेच त्यांना मिळाले पाहिजेत. दोघांचा घास एकच आहे.

पुण्यातही हडपसरच्या रामटेकडी भागात कचऱ्यापासून वायू आणि वीज करण्याचा प्रकल्प आला. त्याच्याकडून जे अपेक्षिले होते ते पुरेसे साधले नाही. शेजारच्या पिंपरी-चिंचवडने मोशीच्या डेपोवर कचऱ्यापासून वीज करणारा प्रकल्प उभारला. १ ऑगस्ट २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. तिमारपूरनंतर तंत्र सुधारले आहे, केरातले प्लास्टिकही वाढले आहे.

इथे कथा मुळशीत शिरते.

मुळशी तालुक्याला शहरांची गरज भागवण्याची सवय जुनी आहे. मुंबईला वीज देण्यासाठी टाटांनी मुळा नदीवर धरण बांधायला घेतले, तेव्हा मुळशी पेट्यातले मावळे १९२१ मध्ये सत्याग्रहाला बसले. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. धरण झालेच. खोरे बुडाले, वीज घाट उतरून गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून हिंजवडीत संगणक उद्योगाची वसाहत वाढली आणि वाकड, ताथवडे, पुनावळे, सूस, म्हाळुंगे, बावधन या एकेकाळच्या भातखाचरांच्या गावांत उंच इमारती उभ्या राहिल्या.

पुनावळे हे गाव मुळशी तालुक्यातले, पण पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत. महापालिकेने तेथील वनजमिनीवर कचरा डेपोचे आरक्षण बरीच वर्षे धरून ठेवले होते. मोशीचा डेपो भरत आला तशी ती फाइल हलू लागली. तोवर आसपास हजारो सदनिका विकल्या गेल्या होत्या. २०२३ च्या अखेरीस रहिवासी रस्त्यावर उतरले, मोर्चे निघाले, समाजमाध्यमांवर मोहीम चालली. त्या डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात मंत्री उदय सामंत यांनी डेपो रद्द झाल्याचे जाहीर केले. एकही गाडी रिकामी न होता डेपो गेला.

उरुळी देवाची आणि पुनावळे शेजारी ठेवून पाहिले की काय दिसते? एका गावाने तीन दशकांहून अधिक काळ धूर गिळला आणि रस्त्यावर बसून आश्वासने मिळवली. दुसऱ्या ठिकाणचा प्रश्न काही महिन्यांत सुटला. पुनावळ्याच्या रहिवाशांची मागणी रास्त होती, यात शंका नाही. परंतु जी माणसे निवडणुकीत मोजली जातात, समाजमाध्यमांवर ऐकली जातात आणि घराची किंमत कागदावर दाखवू शकतात, त्यांच्या रास्त मागणीला वेग येतो, हेही तितकेच खरे.

सूसची गोष्ट याहून गुंतागुंतीची. बाणेर आणि सूस यांच्या सीमेवर पुणे महापालिकेने ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प उभारला. उपाहारगृहांतला वेगळा केलेला ओला कचरा तेथे येतो, त्याचे दळून पातळ मिश्रण केले जाते आणि ते टँकरने मावळातल्या तळेगावला जाते. तिथे त्यापासून वायू तयार होतो. कल्पना सोनखताच्या जवळची आहे, ओले वेगळे ठेवा आणि त्याचे काही उपयोगी करा. पण दुर्गंधीने शेजारच्या वसाहती त्रासल्या आणि प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे गेले. २०२० मध्ये न्यायाधिकरणाने प्रकल्प तिथून हलवण्याचा आदेश दिला.

महापालिका सर्वोच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने तो आदेश रद्द केला, मात्र दुर्गंधी रोखण्याच्या उपायांच्या आणि 'नीरी' या संस्थेकडून नियमित पर्यावरणीय तपासणीच्या अटी घातल्या. या निकालातला एक मुद्दा पुण्याच्या भूगोलाला हात घालतो. प्रकल्प बंद झाला तर पश्चिम पुण्याचा ओला कचरा संपूर्ण शहर ओलांडून पूर्वेला न्यावा लागेल, आणि दुर्गंधी कमी न होता वाटेवर पसरेल. पश्चिमेची घाण पूर्वेकडे, ही शंभर वर्षांची वहिवाट एका न्यायालयीन निकालात अडचण म्हणून नोंदली गेली. पूर्वेकडच्या गावांनी ती बाब कितीतरी आधी सांगितली होती.

खटला चालू असतानाच, ३० जून २०२१ रोजी, सूस, म्हाळुंगे आणि बावधन बुद्रुक यांसह २३ गावे पुणे महापालिकेत आली. आज शहरात रोज दोन हजार टनांहून अधिक कचरा निघतो. त्यात आता सूसचाही आहे.

हिंजवडी, माण, मारुंजी ही गावे मात्र २०२१ च्या त्या यादीत नव्हती. तिथे लाखो माणसे कामाला येतात, वीस-वीस मजली संकुले उभी आहेत, आणि कचरा उचलण्याची जबाबदारी भातशेतीच्या गावासाठी रचलेल्या ग्रामपंचायतीवर राहिली. २०१६ च्या घनकचरा नियमांनी नगरांच्या हद्दीबाहेरच्या अशा नागरी वस्त्यांनाही कक्षेत घेतले होते. मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा आवारातच जिरवावा, असे ते नियम सांगत. काही संकुले तसे करतात. बाकीच्यांचा कचरा ठेकेदाराच्या टेम्पोत चढतो आणि पौड रस्त्याच्या कडेला, माण रस्त्याच्या वळणावर, ओढ्याच्या काठी ज्या काळ्या राखेच्या खुणा दिसतात, त्यात त्यातला काही भाग सापडतो.